तंबाखू : नाही

माझी आई तंबाखू घेत नाही, असं मी स्वतः लिहून दिलं होतं. फॉर्म हॉस्पिटलच्या टॅबवर होता, बोटानं खुणा करत जायचं. सिगारेट? नाही. सिगार? नाही. पाइप? नाही. हुक्का? नाही. व्हेप? नाही. चघळण्याची तंबाखू? नाही. 'पाइप'पाशी मला हसू फुटलं. चंद्रभागा ओव्हाळ, वय सत्तावन्न, मूळ गाव तालुका इंदापूर, हल्ली मुक्काम मांजरी, ही बाई पाइप ओढते का म्हणे! मी तो प्रश्न आईला वाचून दाखवला. तीही हसली, आणि हसता हसता तिला इतकी धाप लागली की ऑक्सिजन दोन लिटरवरून चारवर न्यावा लागला.

त्याच दिवशी सकाळी, फॉर्म भरण्याच्या तीन तास आधी, ती आमच्या बाल्कनीत पाटावर बसली होती. नाकात ऑक्सिजनची नळी, डाव्या तळहातावर काळी पूड आणि उजव्या हाताचं बोट दातांवर. मिश्री लावत होती. मी तिच्यासमोर चहा ठेवला आणि "आटप आता, कॅब येईल" म्हणाले. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि त्या पुडीनं दात घासायचे, ही मिश्री. हिरड्यांतून ती सरळ रक्तात जाते. हे काही मला नव्यानं शिकायचं नव्हतं. पण तंबाखू म्हटलं की मला टपरीवरचे पुरुष आठवायचे, आई नाही. मिश्री म्हणजे आईचं दात घासणं. ते मी पाळण्यात होते तेव्हापासून बघत आले होते.

आणि पोटापाण्यासाठी मी काय करते, तर सॉफ्टवेअर टेस्टिंग. चौदा वर्षं हिंजवडीत बसून दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. टीममधली मुलं माझ्या मेलला घाबरतात. "आम्रपाली मॅमच्या नजरेतून काही सुटत नाही" असं माझ्या निरोपसमारंभातसुद्धा कुणीतरी बोलेल. बोलू दे.

आईला सिलिकोसिस होता. दगडाची बारीक धूळ फुप्फुसात साठते आणि फुप्फुस हळूहळू कडक होत जातं. २००२ ते २००९ ती हिंजवडीतच एका ठेकेदाराकडे होती. मशीनवाला ग्रॅनाइट कापायचा, आई आणि आणखी चारपाच बाया फरश्या धरायच्या, उचलायच्या, खाली पडलेली भुकटी झाडून पाट्यांत भरायच्या. पाणी सोडत कापलं की धूळ बसते, पण पाण्यानं चिखल होतो आणि कामाला उशीर लागतो, म्हणून कोरडंच कापायचे. तोंडाला पदर. देशात कंपन्या येत होत्या, त्यांना घाई होती. वडील तोपर्यंत गेलेले होते आणि मी इंजिनिअरिंगला होते. त्या धुळीवर माझी डिग्री झाली आणि ज्या लॉबीच्या फरश्या आईनं धरल्या, तिथून कार्ड दाखवून मी आत जाऊ लागले. हे मी अभिमानानं सांगत असे. आता सांगताना दात-ओठ खाते.

तिच्या खोकल्यावर आधी दोनदा टीबीचं औषध दिलं. आठ-आठ महिने. टीबी नव्हताच. कुणी विचारलंच नाही की बाई, तुम्ही काम काय करत होता? केसपेपरवर व्यवसाय म्हणून लिहिलेलं असायचं, 'गृहिणी'. शेवटी एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून विचारलं, "दगडावर काम केलंय का?" आई म्हणाली, "हा, केलं की. सात वरसं." तोवर तिला आंघोळीला जाऊन येईपर्यंत दोनदा बसावं लागत होतं.

मग फुप्फुस प्रत्यारोपण. पैशाचं मी इथं बोलत नाही. कंपनीचा विमा होता, एक ट्रस्ट होता, आणि तो प्रश्न सुटला होता, हे मुद्दाम सांगते, कारण लोकांना तेच आधी विचारायचं असतं.

सर्जन डॉ. अनिरुद्ध खांबेटे. पन्नाशीचा, बारीक, एका शब्दाच्या जागी दोन न वापरणारा माणूस. पहिल्या भेटीत त्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि काय काय होणार ते सांगितलं. आधी तीन आठवडे तपासण्या: हृदय, किडनी, हाडं, दात, सगळं. सगळं ठीक निघालं तर नाव यादीत. मग फोनची वाट बघायची, फोन कधीही येईल, दोन तासांत पोचायचं. "आणि पोचल्यावर आम्ही परतही पाठवू शकतो," ते म्हणाले. "आलेली फुप्फुसं तपासल्यावर चांगली निघाली नाहीत, तर."

"म्हंजी जेवाया बोलावून पानावरनं उठवणार," आई म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. "हो. तसंच. काहींना दोनदा-तीनदा उठवलंय."

ऑपरेशन आठ-दहा तास. छातीला आडवा छेद, एका बाजूचं काढून नवीन जोडायचं, मग दुसऱ्या बाजूचं. नंतर आयसीयू, गळ्यात नळी, काही दिवस बोलता येणार नाही. शरीर परक्या फुप्फुसाला हाकलायला बघतं, म्हणून मरेपर्यंत गोळ्या, घड्याळ लावून, एकही चुकवायची नाही. त्या गोळ्यांनी हात थरथरतात, साखर वाढते, साधी सर्दीसुद्धा महागात पडते. कुंड्यांतली माती उकरायची नाही, कबुतरांच्या आसपास जायचं नाही, कच्ची कोशिंबीर नाही, लग्नाबारशाच्या गर्दीत जायचं नाही.

"एवढं करून किती?" मी विचारलं.

"पाच वर्षांनी साधारण निम्मे पेशंट जिवंत असतात. काही दहा-बारा वर्षं काढतात. मी आजार बरा करत नाही. हा आजार घेतो आणि दुसरा, सांभाळता येण्यासारखा देतो." त्यांनी आईकडे पाहिलं. "न केलं तर मात्र एक वर्ष. कदाचित सव्वा."

 कॅबमध्ये आई म्हणाली, "पाच वरसं लई झाली की गं." तिनं मनातल्या मनात काहीतरी ठरवलं होतं आणि ती खूश होती. मीही होते.

तपासण्या सुरू झाल्या. सहा मिनिटं चालवून बघून झालं, हृदयात नळी घालून झाली, सगळं ठीक. शेवटी दातांची तरुण डॉक्टर, तेवढं राहिलं होतं. तिनं आईचा ओठ बाजूला केला, हिरड्यांवर आरसा फिरवला आणि अगदी सहज विचारलं, "मावशी, मिश्री लावता का?"

"लावती की."

"किती वर्षं?"

"लगीन झाल्यापासनं."

मी शेजारी उभी होते. मी पहिली प्रतिक्रिया काय दिली? "अहो, ते फक्त दात घासायला." डेंटिस्ट माझ्याकडे बघत राहिली. लाजेनं मेले नाही एवढंच.

लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला. निकोटीनचा अंश भरपूर. प्रत्यारोपणाची समन्वयक श्रद्धा हिनं केबिनमध्ये बोलावून सांगितलं की नियमाप्रमाणे सहा महिने पूर्ण बंद, दर महिन्याला न सांगता तपासणी, सगळ्या स्वच्छ आल्या तरच समितीपुढे नाव. एकदा सापडलं की मोजणी पहिल्यापासून.

मी तिथं जो तमाशा केला, तो आठवला की आजही कान गरम होतात. "तुमच्या फॉर्मवर सिगार आहे," मी ओरडले. "पाइप आहे. पुण्यात कोण पाइप ओढतं हो, सांगा ना! कुठल्या साहेबाच्या देशातून उचललाय हा फॉर्म? मिश्री कुठंय त्यात? अख्ख्या महाराष्ट्रातल्या बाया मिश्री लावतात आणि तुम्हाला ती लिहिता आली नाही?"

डॉ. खांबेटे दारात येऊन उभे होते. "बरोबर आहे," ते म्हणाले.

"काय बरोबर आहे?"

"फॉर्म चुकीचा आहे. आणि नियम बरोबर आहे. तंबाखू घेणाऱ्याचं नवीन फुप्फुस लवकर जातं. आमच्याकडे येणारं प्रत्येक फुप्फुस एकच असतं, ताईसाहेब. दुसरं शेल्फवर नसतं."

'ताईसाहेब' म्हणताना त्यांच्या आवाजात जो कोरडेपणा होता, तो ऐकून मला टेबल उलटं करावंसं वाटलं. दोन आठवड्यांनी फॉर्मवर 'मिश्री / मशेरी' असा नवा रकाना आला. आमच्या आईच्या जिवावर हॉस्पिटलची सुधारणा झाली, त्यांनी आमचा सत्कार करायचा तेवढा राहिला.

घरी आल्यावर मी आईवर तुटून पडले. डबी शोधून काढली, बेसिनमध्ये ओतली, वर पाणी सोडलं. "तुला कळत नाही का? ती तंबाखू आहे, आई! तंबाखू!"

"मला कळतं," ती म्हणाली. "फारम तू भरला."

त्यावर मी गप्प बसायला हवं होतं. नाही बसले. "मग तेव्हा सांगायचं नाही का?"

"तू इचारलं सिगरेट वढती का. न्हाई वढत. इचारलं हुक्का. त्यो म्या बघितला बी न्हाई." ती श्वास घ्यायला थांबली. "सायटीवर सकाळी सातला जायाचो. भाकर दुपारी दोनला. मिश्री लावली की भूक मरती. अन् तोंडात धूळ आली की थुकाया बरं. समद्या बाया लावायच्या. तुझ्या कालेजात सांगितलं न्हाई काय ह्ये?"

सोडणं तिला सोपं गेलं नाही. पोट साफ होईना, डोकं दुखे, भांडणाला तिला कारण लागत नसे. मी वर्क फ्रॉम होम घेतलं होतं. मी कॉलवर असताना ती मुद्दाम मोठ्यानं भांडी आपटायची, आणि मी म्यूट करून ओरडायचे, आणि मग दोघी धापा टाकत बसायचो, एक आजारानं आणि एक रागानं. पण तिनं सोडली. पहिला महिना स्वच्छ, दुसरा स्वच्छ, तिसरा, चौथा. ऑक्सिजन चारवरून सहावर गेला. श्रद्धा दर वेळी रिपोर्ट देताना म्हणायची, "मावशी, मस्त!" आणि आई तिला म्हणायची, "मस्त काय त्यात, दात पिवळं पडलं."

पाचव्या महिन्यात दुर्गाबाई आल्या. आईची सायटीवरची मैत्रीण. त्यांनी एकाच फरशीची दोन टोकं सात वर्षं धरली होती. आता हिंजवडीजवळच्या माणला मुलीकडे राहतात. तीन बस बदलून, पिशवीत ओल्या शेंगा घेऊन आल्या. मला ऑनलाइन मीटिंग होती, मी दार लावून घेतलं. बाहेर दोघींचं हसणं ऐकू येत होतं. कित्येक महिन्यांत आई तशी हसली नव्हती, म्हणून मी बाहेर गेले नाही.

संध्याकाळी आईच्या हिरड्यांवर काळी रेघ दिसली.

 आईनं नजर चुकवली नाही. "दुर्गानं डबी काढली," ती म्हणाली. "तिला ठावं नव्हतं. अन् म्या बी सांगितलं न्हाई. पुढं केली, घेतली. जशी जेवताना चटणी घेतो तशी."

मी काय काय बोलले, ते लिहिण्यासारखं नाही. दुर्गाबाईंना बोलले, त्यांच्या सात पिढ्यांना बोलले. आईला म्हणाले, तुला मरायचंच असेल तर सरळ सांग, मी आपली ऑफिसला जाऊन बसते. एकशे एकोणचाळीस दिवस झाले होते. एक्केचाळीस राहिले होते. एकशे एकोणचाळीस दिवस आणि एक चिमूट.

तिसऱ्या दिवशी सकाळी श्रद्धाचा फोन आला: आज तपासणी. टाळली तर सापडल्यासारखीच धरतात. निकोटीनचा अंश तीन-चार दिवस, कधी आठवडाभर राहतो, हे मी वाचलेलं होतं. मी बाथरूममध्ये गेले आणि औषधाच्या एका धुतलेल्या बाटलीत माझी लघवी भरली. बाटली रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली.  खरं सांगते, मला जराही वाईट वाटलं नाही. टीबीची खोटी औषधं सोळा महिने, केसपेपरवर खोटं 'गृहिणी', तोंडावर पदर बांधला की झालं असं सांगणारा खोटा ठेकेदार, एवढ्या खोट्यांनी आईला इथं आणलं होतं. एक खोटं आमच्याही बाजूनं झालं असतं तर आभाळ कोसळणार नव्हतं.

हॉस्पिटलच्या टॉयलेटपर्यंत मी तिची व्हीलचेअर ढकलत नेली. आत गेल्यावर बाटली तिच्या हातात दिली. "ही त्या कपात ओत. बाकी काही बोलू नकोस."

तिनं बाटली उजेडाला धरली. मग माझ्याकडे बघितलं. "तुझं हाय?"

"ओत ना, आई."

"बाहेर थांब."

मी बाहेर थांबले. पाच मिनिटं, सात मिनिटं. ती दार उघडून बाहेर आली तेव्हा हॉस्पिटलचा कप मांडीवर रिकामा होता आणि माझी बाटली पण रिकामी. तिनं सगळं टॉयलेटमध्ये ओतून टाकलं होतं. श्रद्धा समोरूनच येत होती. आई तिला म्हणाली, "बाई, तपासू नगा. म्या मंगळवारी मिश्री लावली. पयल्यापासनं मोजा."

श्रद्धानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. ती मुलगी शहाणी, तिनं बाटलीबद्दल कधीच विचारलं नाही. तिचे डोळे भरून आले होते, पण तिनं टॅबवर जे लिहायचं ते लिहिलं. मोजणी शून्यावर आली.

कॉरिडॉरमध्ये मी व्हीलचेअर थांबवली आणि आईसमोर उकिडवी बसले. आजूबाजूला माणसं होती, मला त्यांची पर्वा नव्हती. "सहा महिने कुठून आणणार तू? डॉक्टरांनी एक वर्ष सांगितलं होतं, त्यातलं निम्मं संपलं! कोण आहेस तू, हरिश्चंद्र? माझा विचार केलास का एकदा तरी?"

तिला उत्तर द्यायला वेळ लागला. दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. "कुणाचातरी पोरगा गाडीवरनं पडंल. त्याची आय रडत आसंल. रडता रडता सही करंल. तवा माझा नंबर लागंल. व्हय ना?"

"हो. मग?"

"मग त्या बाईच्या पोराचं म्या खोटं बोलून घिऊ? अन् यादीत माझ्या मागं कुणी खरं लिहिणारी आसंल, तिचं काय?"

"तिचं मला काय करायचंय!" मी किंचाळले. "मला तिच्याशी काही देणंघेणं नाही. मला तू हवी आहेस!"

"ठाव हाय मला," ती म्हणाली. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी तो झिडकारला. हे मी लिहिते आहे, कारण तेवढं मला कुणाला सांगता आलेलं नाही.

त्यानंतर तिनं मिश्रीला बोट लावलं नाही. चार तपासण्या झाल्या, चारही स्वच्छ. ऑक्सिजन आठवर गेला, मग दहावर. दुसऱ्या मोजणीच्या एकशे एकोणिसाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, हॉस्पिटलच्या बेडवर ती गेली. डॉ. खांबेटे स्वतः आले, पायाशी उभे राहिले. म्हणाले, "इतकं खरं माझ्याशी कुणी बोललं नव्हतं." मी म्हणाले, "त्याचा उपयोग काय झाला?" ते म्हणाले, "त्यांना झाला नाही." मग खाली मान घालून गेले.

मी हिशेब केलेला आहे. त्या दिवशी बाटली कपात गेली असती तर चाळीसएक दिवसांनी तिचं नाव यादीत असतं आणि ती जाईपर्यंत ऐंशीएक दिवस वाट बघायला मिळाली असती. त्यात फोन आला असताच, असं नाही. पण आला असता तर! तिनं तो 'तर' टॉयलेटमध्ये ओतला. मी तिला माफ केलेलं नाही. आणि तिच्याइतकं ताठ माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला दोन्हींचा त्रास होतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम बुद्धविहाराच्या हॉलमध्ये ठेवला होता. पांढरे कपडे, आईचा फोटो, वंदना झाली, मग बोलणाऱ्यांची रांग. आमचे रामदासमामा, आईचे थोरले भाऊ, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना माइक दिला की परत घेणं कठीण. ते सावकाश सुरू झाले. चंद्रभागा कशी कष्टाळू होती, मुलीला कसं शिकवलं. मग आवाज चढवला. "पण बंधुभगिनींनो, एका व्यसनानं घात केला. आमची चंद्रभागा मिश्रीनं गेली. ऑपरेशन ठरलेलं होतं, मिश्रीनं हुकलं. आज इथं माझ्या कितीतरी भगिनी बसल्या आहेत ज्यांच्या कमरेला डबी आहे. त्यांनी आज शपथ घ्यावी!"

लोक माना डोलवत होते. काही बायकांनी मागे वळून पाहिलं. हॉलच्या दाराशी, चपलांजवळ, दुर्गाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कुणीतरी त्यांना सांगितलं असणार, तुमच्या डबीनं झालं म्हणून. मीच नातेवाइकांत तसं बोलले होते. त्यांनी पदर तोंडात धरला होता.

मी उठले. मामांच्या हातातून माइक घेतला. घेतला म्हणजे ओढला.

"आई मिश्रीनं गेली नाही," मी म्हणाले. "आई दगडाच्या धुळीनं गेली. सात वर्षं तिनं हिंजवडीत फरश्या धरल्या आणि तिथं कुणी पाण्याचा पाइप सोडला नाही, कुणी तोंडाला लावायला मास्क दिला नाही. भूक मारायला मिश्री लावायची, कारण जेवायला सुट्टी दुपारी दोनला. त्या ठेकेदाराला शपथ घालणार आहात का कुणी? मामा, तुम्ही घालणार?"

मामांनी माइकसाठी हात पुढे केला, मी तो मागे घेतला.

"आणि ऑपरेशन मिश्रीनं नाही हुकलं. आधी मी फॉर्म चुकीचा भरला. मग ती एकदा चुकली. त्यावर पांघरूण घालायला मी माझ्या लघवीची बाटली पर्समधून नेली होती, तिच्या नावावर खपवायला. तिनं ती ओतून टाकली आणि खरं सांगितलं. तिला माहीत होतं की वेळ पुरणार नाही. तरी सांगितलं. मी तिच्यावर ओरडले, भर कॉरिडॉरमध्ये. तिचा हात झिडकारला. हे आईबद्दल आहे. व्यसनमुक्तीचं भाषण दुसऱ्या कुणाच्या फोटोसमोर करा."

हॉलमध्ये कुणी 'साधू साधू' म्हणून दाद दिली नाही. मामा खाली बसले. माइक मी टेबलावर आडवा ठेवला, त्यातून घुंऽऽ असा आवाज येत राहिला, तो कुणीतरी बंद केला. मला रडू येत नव्हतं. राग तेवढाच होता, जागचा हललाही नव्हता.

मी खुर्च्यांच्या रांगांतून मागे गेले आणि चपलांजवळ दुर्गाबाईंच्या शेजारी जमिनीवर बसले. त्या आक्रसून भिंतीला सरकल्या. मी त्यांना मारीन असं त्यांना वाटलं असावं. "मावशी," मी म्हणाले, "मी तुम्हाला वाईट बोलले. चुकले."

त्या काहीतरी म्हणायला गेल्या आणि खोकल्या. कोरडा, तुटक, खालून ओढून काढल्यासारखा खोकला. एकदा लागला तो थांबेना. त्यांनी छातीवर हात दाबून धरला, तोंड उघडं टाकून श्वास घेतला, आणि खांदे वर चढले. मी हा खोकला नऊ वर्षं भिंतीपलीकडून ऐकला आहे. त्यात माझी चूक होणं शक्य नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ह्यो? ह्यो लई जुना हाय," त्या म्हणाल्या. "टीबीच्या गोळ्या चालू हाईत की. सरकारी दवाखान्यातल्या."

मी त्यांचा हात घट्ट धरला. "मावशी, डॉक्टरला सांगितलंत का, तुम्ही काम काय करत होता?"

"त्यांनी कुठं इचारलं," दुर्गाबाई म्हणाल्या.